मालवणचे आठ दिवस

त्या सहलीत सगळ्यात मोठा फायदा ज्योत्स्नाचा होता, हे मी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत काढून ठेवलं होतं. आठ दिवस दोन्ही पोरं घराबाहेर. म्हणजे आठ सकाळी वेणीवरून रडारड नाही, आठ दुपारी झोप, आणि ‘आई, सम्मेदनं चावलं’ ही तक्रार ऐकायला आठ दिवस दुसरं कुणीतरी. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, अभयचा फायदा मधला: दिवाळीनंतर कापडाच्या दुकानातली आवराआवर पोरं पायात न येता होणार होती. आईला काळजी करायला ताजा विषय मिळणार होता. मला गाडी चालवायला मिळणार होती. आणि ज्या माझ्या बायकोनं, विजयमालानं, ही सगळी कल्पना काढली होती, तिच्या नावापुढे मात्र मला काहीच सापडेना. ओकाऱ्या काढायच्या, चड्ड्या धुवायच्या, कानातली वाळू उपसायची.

“तुझा यात निव्वळ तोटा आहे बघ,” मी तिला म्हणालो.

“असू दे की,” ती म्हणाली आणि नकाशावरून सम्मेदला उचलायला लागली. “ऊठ रे, रत्नागिरीवर बसलायस.”

मी विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कुणाचं किती गेलं ते लिहायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. त्यामुळे माणसं बघतानाही हात आपोआप त्याच कामाला लागतो. वर जीभ तिखट. सांगलीत आमच्या ओळखीपाळखीत ‘भूपाल मगदूम आला की कुणाची तरी उतरणार’ असं म्हणायचे, आणि मला ते कौतुक वाटायचं.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. दसरा होऊन गेला होता, सहामाही परीक्षा संपत आल्या होत्या, आणि रविवारी दुपारी आम्ही गावभागातल्या अभयच्या घरी जमिनीवर नकाशा पसरून बसलो होतो. आई त्याच्याकडेच राहायची. आम्ही दोघं विश्रामबागेत, स्कूटरनं पंधरा मिनिटांवर. आम्हाला मूल नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, त्यातली सात डॉक्टरांच्या दारात गेली, आणि मग एक दिवस विजयमालानं सगळे रिपोर्ट एका पिशवीत भरून माळ्यावर टाकले. त्यावर आमच्या घरात परत बोलणं झालं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. व्हॅननं कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, कणकवली, मालवण. येताना देवगड. मला वाटलं, झालं, ठरली सहल. पण विजयमालानं वही उघडली.

“साडेचारला गाडी थांबली पाहिजे,” ती म्हणाली. “आईंना शब्द दिलाय. पोरांची जेवणं दिवस मावळायच्या आत.”

“आणि बटाटा नाही,” आतून आई. आम्ही जैन, कंदमुळं वर्ज्य.

“नाही आई. केळ्याचे वेफर्स करून नेते.”

“हॉटेलात काय घालतात कुणाला ठाऊक.”

“मी स्वतः जाऊन बघीन.”

“म्हणजे वैनी हॉटेलाच्या मुदपाकखान्यात आणि दादा पोरांना घेऊन वाळूत,” अभय म्हणाला. “दादा, तुझं काही खरं नाही.”

सम्मेद तेव्हा चार वर्षांचा. तो रत्नागिरीवरून उठून सोलापूरवर बसला होता. “काकू, समुद्राला पाणी किती वाजता येतं?”

“ते नळासारखं नसतं रे. सारखंच असतं.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

त्यानं आपल्या आईकडे पाहिलं. आमच्या गावभागात पाणी सकाळी सहाला यायचं आणि सातला जायचं. त्या एका तासात त्याची आई कुणाला ओळख दाखवत नसे. “आई, तू पण चल,” तो म्हणाला. “तिथं भरायला लागत नाही.”

ज्योत्स्ना पोटभर हसली. तेव्हा ती खरंच खुशीत होती, हे मी नोंदवून ठेवतो. पोरांचे कपडे घड्या घालून ती दोन ढीग लावत होती. मधेच तिनं विजयमालाची वही ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

“‘प्राची. मागच्या सीटवर पंधरा मिनिटं. पुढे मांडीवर, खिडकी उघडी, गोष्ट चालू असेल तर निभावते.’ हे कधी काढलंत?”

“दोन रविवार तालीम केली की,” मी म्हणालो. “तुम्हाला वाटलं आम्ही पोरांना आइस्क्रीमला नेतोय. पहिल्या रविवारी प्राचीबाईंनी अंकलीच्या पुलावर सगळं परत दिलं. दुसऱ्या रविवारी गोष्ट ऐकत जयसिंगपूरपर्यंत कोरड्या गेल्या.”

“काका, सांगू नका ना!” सात वर्षांची प्राची ओरडली.

“‘सम्मेद,’” ज्योत्स्ना पुढे वाचत होती. “‘दर पाऊण तासानं शू. विचारायचं नाही. विचारलं की नाही म्हणतो. गाडीच थांबवायची आणि आपण झाड बघायला उतरायचं, तोही उतरतो.’” ती थांबली. “अक्का, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.”

“तू चोवीस तास त्यांच्यात असतेस,” विजयमाला म्हणाली. “मी लांबून बघते. लांबून जास्त दिसतं.”

मग तिनं प्राचीला हाताला धरलं. प्रवासात केस विंचरायची कटकट नको म्हणून ती घट्ट सागरवेणी घालायला शिकत होती, आणि तिला एक नमुना करून बघायचा होता. दोघी आतल्या खोलीत गेल्या. आई त्यांच्यामागे कंगवा शोधत गेली.

बाहेर आम्ही तिघं आणि सम्मेद. अभय गाडीतल्या जागांची मोजणी करत होता: पुढे कोण, मागे कोण, बॅगा कुठे. म्हणाला, “जाताना चार माणसं, चार बॅगा.”

आणि मी म्हणालो, “जाताना चार. येताना तीन. सम्मेदला आम्ही वाटेत विश्रामबागेतच ठेवून घेणार. आईनं शब्द टाकलाच होता, आता माल ताब्यात घेतो.”

अभय असा हसला की त्याच्या चहाची बशी कलंडली. मीही हसलो. सम्मेद उड्या मारत म्हणाला, “मी काकूकडेच राहणार, मी काकूकडेच राहणार!” त्यावर अभय आणखी हसला. हसण्याचा आवाज ऐकून विजयमाला दारात आली. तिच्या दातात रिबीन होती.

“काय झालं एवढं?”

“काही नाही वैनी, दादाची नेहमीची,” अभय म्हणाला.

काही कळलं नसताना तीही हसली. रिबिनीसकट.

ज्योत्स्नाही हसत होती. फक्त सम्मेदचा एक शर्ट घडी घालून ढिगावर ठेवलेला, तो तिनं उचलला, घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग पुन्हा मोडली.

दिवाळी नीट गेली. फराळाची ताटं इकडून तिकडं गेली. विजयमालानं केळी आणली, किसणी धुतली, गोष्टींची यादी केली. घाटात कोणती, घाटानंतर कोणती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी माझ्या ऑफिसात ज्योत्स्नाचा फोन आला.

“भाऊजी, दुकानावर येता का? एकटेच या.”

दुकान दिवाळीचं बंद होतं. अर्धं शटर वर करून ती आत बसली होती, तागे लावायच्या फळीवर. मी गेल्या गेल्या विचारलं, “काय, अभयनं काय घोळ घातला?”

“पोरं येणार नाहीत,” ती म्हणाली.

“का?”

“तुम्ही बोललात त्यामुळे.”

मला खरंच क्षणभर कळेना. मी रोज इतकं बोलायचो.

“जाताना चार, येताना तीन,” तिनं मला आठवण करून दिली.

“अगं, चेष्टा केली ती!”

“सम्मेदच्या वेळी मला पाचवा महिना होता,” ती म्हणाली. “आईंनी सगळ्यांसमोर ताटात भात वाढता वाढता सांगितलं, ‘हे जे काय होईल ते थोरलीच्या ओटीत घाल. तुला एक आहे, तिला एक होऊ दे.’ हे जेवत होते, खाली मान घालून. नाही म्हणाले नाहीत. मी पुढचे चार महिने नीट झोपले नाही, भाऊजी. कोणीतरी येईल आणि घेऊन जाईल, असं वाटायचं. माझ्या घरात, माझ्याच माणसांची भीती.”

“आईचं काय मनावर घेतेस? ती बोलते.”

“घेतलं मनावर. मग बाळंत झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का दवाखान्यात आल्या. एकट्या. बाळाला हातात घेतलं नाही त्यांनी. मी पुढे केलं तरी घेतलं नाही. पाळण्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ज्योत्स्ना, हे तुझं आहे. मी कधी मागणार नाही, आणि आमच्या घरातून कुणाला मागू देणार नाही. नीट झोप.’ त्या दिवशी मी झोपले.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुम्हाला माहीत नाही हे?”

मला माहीत नव्हतं. चार वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

“त्यांच्या त्या शब्दावर मी चार वर्षं काढली. म्हणून आठ दिवस मागितले तेव्हा पटकन हो म्हटलं. आणि तुम्ही तोंड उघडलंत. म्हणजे तुमच्या घरात हे बोलणं अजून चालू आहे.”

“आमच्या घरात ह्यावर एक अक्षर बोलणं झालेलं नाही. आईशप्पथ.”

“मग तुमच्या मनात आहे.”

कुणाचं किती गेलं हे गाडीभोवती एक चक्कर मारून सांगणारा माणूस मी. त्या फळीसमोर मी नुसते तागे मोजत राहिलो. कारण आईनं भात वाढता वाढता तो शब्द टाकला तेव्हा सगळे गप्प झाले होते हे खरं, पण एकजण गप्प नव्हता. “विचार करायला काय हरकत आहे,” असं म्हणालेला मीच होतो. ज्योत्स्नाला तेही ऐकू गेलं होतं. तिनं फक्त ते बोलून दाखवलं नाही.

“अक्कांना कारण कळू देऊ नका,” ती म्हणाली. “त्यांचा काही दोष नाही, मला माहीत आहे. पण छातीत धडधडतं त्याला मी काय करू? त्यांना सांगा, सम्मेदला ताप आहे. पोरांना मी सांगते, काकू आजारी आहे. चार दिवसांत विसरतील.”

दोन्हीकडे एकेक आजारपण. मला ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. मी हो म्हणालो.

घरी विजयमाला वेफर्स डब्यात भरत होती.

“सम्मेदला ताप आहे.”

“किती?”

“एकशे दोन,” मी म्हणालो. आकडा सांगितला की माणसं विश्वास ठेवतात, हे मला धंद्यातून माहीत होतं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग वही काढली आणि पुसायचं रबर. “सोमवारी निघू. चार दिवस कमी मिळतील, एवढंच. देवगड सोडून देऊ. तापातून उठलेला असेल, घाटात दोनदा थांबू.” तिनं सगळी पानं पुन्हा लिहिली. मी समोर बसून पेपर वाचत होतो. एक ओळ वाचली नाही.

“बघून येते त्याला.”

“नको. साथीचा आहे. ज्योत्स्नानं येऊ नका म्हणून सांगितलंय.”

“मला काय होतंय?”

“तिनं सांगितलंय ना.”

भाऊबीजेचा दिवस तिनं कसाबसा काढला. तिचा भाऊ येऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ज्या सकाळी आम्ही निघणार होतो त्या सकाळी, ती स्टीलच्या डब्यात भाताची पेज घेऊन स्कूटरजवळ उभी राहिली.

“दारातूनच देते. आत जात नाही. चला.”

मी दोन-तीन कारणं सांगितली. तिनं ती ऐकून घेतली आणि मागे बसली.

सम्मेद अंगणात होता. उघडाच, चड्डीवर, दगडानं टिकल्या फोडत. घामानं निथळत होता. आम्हाला बघून तो उठला, धावत आला, आणि तीन पावलांवर कुणीतरी दोरी ओढावी तसा थांबला.

“काकू, तू बरी झालीस?”

विजयमालानं त्याच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. गॅलरीत ज्योत्स्ना पिळलेली साडी हातात घेऊन उभी होती. ती साडी वाळत घालत नव्हती आणि आतही जात नव्हती. मग विजयमालानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. इतक्या थोड्या वेळात मला कधी सर्व्हे जमला नाही.

तिथं एक शब्द बोलली असती तर ज्योत्स्ना पोराच्या देखत खोटी पडली असती.

“नाही रे राजा,” ती म्हणाली. “अजून थोडी कणकण आहे.”

“मग समुद्र?”

“मी बरी झाले की.”

“उद्या होशील?”

“बघू.”

“जवळ येऊ?”

“नको. तुला लागेल.”

तिनं डबा फाटकाच्या आत कट्ट्यावर ठेवला. “हे आईकडे दे. म्हणावं, काकूनं पाठवलंय.” मग तिनं खरोखरच तोंडावर पदर धरला आणि दोनदा खोकली. सम्मेदनं दोन पावलं मागे घेतली. शहाणं पोर होतं.

 घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. “काय बोलला होतात?”

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. दुकानातलंही सांगितलं. दवाखान्यातलं मला आता माहीत आहे, हेही.

ती मला लागेल असं काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं माझं सोपं झालं असतं.

“चार वर्षं मी त्याला एका रात्रीसाठीसुद्धा मागितलं नाही,” ती म्हणाली. “तो रडायचा, काकूकडे झोपतो म्हणून. मी म्हणायची, आमच्याकडे डास आहेत. म्हटलं, तिची खात्री पटू दे. पुरती पटू दे. मग आठ दिवस मागेन. आठच.” तिनं पाटावरची पिठाची रेघ बोटानं पुसली. “तुम्हाला हवा होता का तो?”

“हो,” मी म्हणालो. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

“मलाही,” ती म्हणाली. “म्हणून तर मागायचा नव्हता.”

ज्योत्स्ना वाईट नव्हती. सहा महिन्यांनी ती स्वतः आली, डोळे भरून आणले, म्हणाली, अक्का, या दिवाळीत पोरांना न्याच. विजयमालानं तिला जवळ घेतलं, चहा केला आणि सांगितलं, “नको ग. मला आता प्रवास झेपत नाही.” अडतीस वर्षांची होती ती. मनातून तिला एकच धास्ती होती: आपण फार आनंदानं हो म्हटलं तर हिची छाती पुन्हा धडधडेल. त्यामुळे ती जपून वागायची. सम्मेद आला की एक खाऊ द्यायची, दुसरा नाही. तो मांडीकडे आला की तिला काहीतरी गॅसवर आठवायचं. तो दारात उभा राहून विचारायचा, “काकू, बरी झालीस?” आणि ती म्हणायची, “होतेय रे.” दोनेक वर्षं विचारत होता. मग शाळा, क्रिकेट, मित्र. विचारायचं राहून गेलं.

मागच्या महिन्यात तो आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. सव्वीस वर्षांचा, उंच, होणाऱ्या बायकोला बरोबर घेऊन. विजयमाला आत दूध तापवत होती. ती बाहेर येईपर्यंत तो त्या मुलीला आमच्या घराची माहिती देत होता.

“काकू फार चांगली,” तो हळू आवाजात म्हणाला, “पण आम्ही लहान असताना कायम आजारी असायची. आम्हाला जवळ जाऊ द्यायचे नाहीत. काय होतं हो काका तिला?”

मी म्हणालो, “कणकण.”

आता कुणाचं किती गेलं ते लिहायचं तर असं. अभयचं काही गेलं नाही, त्याला तो दिवसही आठवत नाही. ज्योत्स्नाचा मुलगा तिच्याजवळ राहिला, तो कुणी नेणारच नव्हतं. मला एका दुपारी हशा मिळाला. सम्मेदच्या वाट्याला जी काकू यायची होती ती त्याला मिळाली नाही, आणि मिळाली नाही हे त्याला माहीत नाही. बाकी सगळं विजयमालानं भरलं, जिला त्या वर्षी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.